रेशीमकिड्याच्या अंड्यातला डायपॉज: मिथायलेशन शोधायचं तर कुठे?

प्रश्न आला आहे मराठवाड्यातल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याकडून. घरी तुतीची बाग आहे, वर्षाला चार-पाच पिकं घेतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या काढणाऱ्या) जातीची अंडी घातल्यावर दोन-तीन दिवसांत काळपट होतात आणि आतल्या भ्रूणाची वाढ थांबते. ही झोप म्हणजेच डायपॉज. ग्रेनेजमध्ये (रेशीमकिड्यांची अंडी तयार करणाऱ्या केंद्रात) वेळेवर आम्लप्रक्रिया केली, म्हणजे अंडी थोडा वेळ आम्लात बुडवली, तर वाढ थांबत नाही, दहा-अकरा दिवसांत अळ्या बाहेर येतात. मग डायपॉजमध्ये जाणाऱ्या अंड्यांत डीएनए मिथायलेशन (डीएनएवर मिथाइल गटाची रासायनिक खूण बसणं) होऊन वाढीची जनुकं बंद होत असतील का? आम्लामुळे ते मिथायलेशन निघून जात असेल का? आणि ५-अझासायटिडिन हे मिथायलेशन रोखणारं औषध वापरून डायपॉज मोडता येईल का?

आधीच सांगते, गृहीतकाचा पहिला भाग सस्तन प्राण्यांच्या पाठ्यपुस्तकातून उचललेला आहे. रेशीमकिड्याला ते पुस्तक लागू पडत नाही. दुसरा भाग रसायनशास्त्रात बसत नाही, आणि तिसऱ्या भागासाठी औषध मागवलं असेल तर ऑर्डर थांबवता येते का ते बघा. पण म्हणून विषय सोडू नका. प्रश्न चांगला आहे, तुम्ही तो चुकीच्या खोलीत शोधताय.

माणसाच्या डीएनएत सी आणि जी शेजारी शेजारी असलेल्या जागांपैकी साधारण ७० ते ८० टक्के जागा मिथायलेटेड असतात. जनुकाच्या सुरुवातीला, प्रमोटरपाशी मिथाइल गट दाटले की ते जनुक सहसा गप्प होतं. वर्गात आपण हेच शिकतो आणि ‘मिथायलेशन म्हणजे कुलूप’ हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं. कीटकांत चित्र जवळजवळ उलटं आहे. २०१० साली रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथींतल्या मिथायलेशनचा संपूर्ण जनुकसंचावरचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात एकूण सायटोसिनपैकी जेमतेम ०.११ टक्के मिथायलेटेड निघाले, आणि तेही सीजी जोडीतलेच. बसलेले कुठे, तर प्रमोटरवर नाही, जनुकांच्या अंगात. कोणत्या जनुकांच्या? जी चालू आहेत त्यांच्या. पेशीचा रोजचा गाडा ओढणारी, जवळपास सगळ्या ऊतींत एकसारखी चालणारी जनुकं मिथायलेटेड. आणि एखाद्याच ऊतीत किंवा एखाद्याच वेळी पेटणारी जनुकं बहुधा कोरी. म्हणजे कुलूप नव्हेच. दारावर ‘इथे कायम माणसं राहतात’ अशी पाटी म्हणा हवं तर.

आता डायपॉजमध्ये बदलतं काय? साखरेच्या चयापचयाची, ताणाशी झुंजणारी, संप्रेरकांना उत्तर देणारी, पेशीविभाजनाचं चक्र हाकणारी जनुकं वरखाली होतात. यातली बरीचशी गरजेपुरती पेटणारी. तिथे मिथायलेशनच नसेल तर ते उतरणार किंवा चढणार कसं?

मिथायलेशन करणाऱ्या एन्झाइमांचा हिशेबही मांडा. डीएनएमटी-१ हे नक्कल करणारं: डीएनएची प्रत निघाली की जुन्या धाग्यावरच्या खुणा बघून नव्यावर तशाच उमटवतं. डीएनएमटी-३ नव्या जागी खुणा पाडतं. मधमाशीकडे दोन्ही आहेत. रेशीमकिड्याकडे डीएनएमटी-१ आहे, डीएनएमटी-३ नाही. डीएनएमटी-२ नावाचं आहे, पण त्याचं खरं काम टीआरएनएवर (प्रथिनं बनवताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएवर). फळमाशीकडे तर नुसतं डीएनएमटी-२ आहे. तिच्या डीएनएत मिथायलेशन सापडल्याचे दावे मधल्या काळात झाले, पण तपासणी कडक केल्यावर त्या खुणांना काही ठरावीक नकाशाच निघेना. त्यामुळे ‘नव्या खुणा पाडणारा’ कारागीर ज्या घरात नाही, त्या घरात दोन दिवसांत शेकडो नव्या खुणा पडल्या असं म्हणायचं असेल तर पुरावा भक्कम लागेल. डीएनएमटी-१ थोडंफार ते काम करत असेलही, पण गृहीतक त्यावर उभं करू नका.

अंड्यात प्रत्यक्ष काय होतं ते बघू. जपानमध्ये हासेगावा आणि फुकुदा या दोघांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं की अंडं झोपणार की नाही हे आईच्या अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छातून येणारं एक द्रव्य ठरवतं. तेच डायपॉज संप्रेरक. २४ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड. मादी प्युपा (कोषातली अवस्था) असताना ते रक्तात सुटतं आणि वाढत्या अंडाशयावर काम करतं. अंड्यांत ग्लायकोजेनचा साठा वाढतो. अंडं घातल्यावर डायपॉज सुरू होताना तेच ग्लायकोजेन सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉलमध्ये बदलतं, आणि झोप संपताना पुन्हा ग्लायकोजेन होतं. काळपट रंग येतो तो भ्रूणाभोवतीच्या सेरोसा आवरणात साठणाऱ्या ओमोक्रोम रंगद्रव्यांमुळे. भ्रूणाचा डोक्याकडचा भाग रुंदावून आकार आलेला असतो, अवयव अजून घडायचे असतात, आणि तिथे पेशी जी-२ टप्प्यावर, म्हणजे डीएनएची प्रत काढून झाल्यावर पण विभाजनाच्या आधी, थांबतात. जी-२ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत डायपॉज संप्रेरकाचं जनुकच संपादनाने मोडून पाहिलं गेलं. त्या माद्यांनी न झोपणारी अंडी घातली. एक जनुक, एक पेप्टाइड, आणि सगळी घागर उताणी. अंड्यातलं मिथायलेशन मध्ये आणायची गरजच पडली नाही.

मग आम्ल काय करतं? गरम आम्लप्रक्रियेचं माप तुम्हाला पाठ असेल: अंडी २० ते २४ तासांची, आम्लाचं विशिष्ट गुरुत्व १.०७५, तापमान ४६ अंश, वेळ पाच ते सहा मिनिटं, मग वाहत्या पाण्यात आंबटपणा जाईपर्यंत धुणं. यात मेख आहे ती वयाची. त्या तासांना अंडं अजून झोपलेलं नसतं, झोपेच्या उंबऱ्यावर असतं. म्हणजे ही प्रक्रिया डायपॉज मोडत नाही, लागूच देत नाही. एकदा अंडं काळं होऊन पूर्ण झोपलं की ५ अंशांच्या थंडीत दोन-तीन महिने ठेवल्याशिवाय ते नीट जागं होत नाही. ‘आम्लाने मिथाइल गट निघाला’ हे तर होणारच नाही. मिथाइल गट सायटोसिनच्या पाचव्या कार्बनला पक्क्या बंधाने जोडलेला असतो. पाच मिनिटांच्या आम्लाने तो सुटत नाही. कवच ओलांडून एवढं आम्ल डीएनएपर्यंत पोहोचलंच, तर आधी ॲडेनिन आणि ग्वानिन गळून पडतील. भ्रूण जागा होणार नाही, मरेल.

५-अझासायटिडिनचंही तसंच. हे औषध सायटोसिनचा तोतया आहे. नवी प्रत काढताना ते डीएनएत शिरतं, डीएनएमटी-१ तिथे येऊन अडकतं, आणि खुणा पुढच्या प्रतीत उतरत नाहीत. पण प्रत निघाली पाहिजे ना! जी-२ मध्ये थांबलेल्या पेशीची प्रत काढून झालेली असते. झोपलेल्या अंड्याला तुम्ही हे औषध कितीही पाजा, डीएनएत शिरायला दार उघडंच नाही. आणि झोपायच्या आधी, भराभर विभाजन चालू असताना दिलंत तर ते विषासारखं काम करेल. अंडी मेली की ‘डायपॉज बिघडला’ असं लिहायचा मोह होईल. दोन्हीकडून फसगत. जी-२ चा दुसराही अर्थ आहे: प्रत निघत नाही म्हणजे खुणा विरळ होत जाण्याचा नेहमीचा मार्गही बंद. म्हणून झोपेच्या महिन्यांत मिथायलेशनचा नकाशा गोठलेला असावा, अशीच अपेक्षा मी धरेन.

आता मजेशीर भाग. माझ्या मते तुमचा प्रकल्प इथे आहे.

बायव्होल्टाइन मादी कोणती अंडी घालणार हे ती स्वतः अंड्यात असताना ठरतं. तिचं अंडं २५ अंशांवर उजेडात उबवलं तर मोठी होऊन ती झोपणारी अंडी घालते. तेच १५ अंशांवर अंधारात उबवलं तर न झोपणारी. मधे काय काय होऊन जातं बघा: अंडं फुटतं, अळी चार वेळा कात टाकते, पाच अवस्था, २३-२५ दिवस पाला खाणं, कोष विणणं, प्युपा. तेव्हा कुठे संप्रेरक सुटतं किंवा सुटत नाही. महिनाभरापूर्वीच्या तापमानाची आठवण त्या जिवाने कुठेतरी सांभाळून ठेवलेली असते. तापमान टिपणारा भाग बऱ्यापैकी कळला आहे: जपानमधल्या शिन्शू विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की टीआरपीए-१ नावाचा, साधारण २१ अंशांच्या वर उघडणारा आयनमार्ग भ्रूणात हे काम करतो. संप्रेरक सोडण्याचा निर्णय मेंदूतल्या गाबा आणि कोराझोनिन या निरोप वाहणाऱ्या द्रव्यांच्या साखळीतून जातो, हेही २०२१ पर्यंत मांडलं गेलं. मधला महिना मात्र मोकळा आहे. ही आठवण कशात लिहिलेली आहे?

मिथायलेशनचा प्रश्न विचारायचा तर इथे विचारा. लेकीच्या अंड्यात नको, आईच्या मेंदूत.

अंड्याचा निर्णय आईचा असतो हे तुम्हाला संकरित बियाण्यावरूनही दिसेल. कर्नाटकात प्युअर म्हैसूर मादी आणि बायव्होल्टाइन नर यांचा संकर मोठ्या प्रमाणावर वापरतात. प्युअर म्हैसूर वर्षभर पिढ्या काढणारी, न झोपणारी जात. आई ती असली की संकराची अंडी झोपत नाहीत. उलटा संकर केला, आई बायव्होल्टाइन घेतली, तर अंडी झोपतात. अंड्यातला जनुकसंच दोन्हीकडे जवळपास तोच. आपल्याकडे मराठवाड्यात बायव्होल्टाइन डबल हायब्रीड (चार वाणांचा संकर) जास्त, म्हणून आम्लप्रक्रिया केलेले अंडीपुंज (एकेका मादीने घातलेल्या अंड्यांचे गट) घ्यावे लागतात. (भंडारा-गडचिरोलीचं टसर वेगळं, तिथे प्युपा झोपतो, अंडं नव्हे. तो धागा आज ओढत नाही.)

अशा आठवणीत मिथायलेशनचा हात असू शकतो याचा मला सर्वांत पटणारा पुरावा नॅसोनिया व्हिट्रिपेनिस या छोट्या परजीवी गांधीलमाशीतला आहे. तिथेही आई दिवसाची लांबी टिपते आणि झोपते तिची अळी. २०१६ मध्ये एका अभ्यासात लहान आणि मोठ्या दिवसांत ठेवलेल्या माद्यांच्या मिथायलेशनमध्ये फरक दिसले. आणि डीएनएमटी-१ए किंवा डीएनएमटी-३ दाबलं (त्याचं जनुक गप्प केलं), किंवा ५-अझा दिलं, की दिवसाच्या लांबीला मिळणारं उत्तर बिघडलं. पण नॅसोनियाकडे डीएनएमटी-३ आहे. रेशीमकिड्याकडे नाही हे वर सांगितलंच.

उलट बाजूला सार्कोफागा बुलाटा ही मांसमाशी. तिच्यात तर ज्या आईने स्वतः डायपॉज भोगला तिची पिल्लं डायपॉजमध्ये जातच नाहीत. आठवण पुढच्या पिढीत जाते. पण माशांच्या या कुळात डीएनएमटी-१ आणि ३ दोन्ही नाहीत. त्यामुळे तिथे संशोधकांचं लक्ष हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) ॲसिटाइल खुणांकडे गेलं. एवढ्यावरून एक गोष्ट नक्की होते: पिढीओलांड आठवणीला मिथायलेशन लागतंच असं नाही. तेव्हा तुमच्या प्रस्तावात हिस्टोनसाठी एक ओळ आणि थोडे पैसे ठेवा. रेशीमकिड्यातही जनुकाच्या अंगातलं मिथायलेशन हिस्टोनच्या ॲसिटायलेशनशी हात धरून चालतं असं चीनमधल्या एका गटाने २०२१ मध्ये मांडलं आहे.

भ्रूणविकासाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलं आहे. सस्तन प्राण्यांत फलनानंतर मिथायलेशनची पाटी बरीचशी पुसली जाते आणि नव्याने लिहिली जाते. मधमाशी, नॅसोनिया यांच्यात तशी मोठी पुसापुसी दिसत नाही. नकाशा बराचसा जनुकाबरोबरच पुढच्या पिढीत जातो. डीएनएमटी-१ मात्र भ्रूणाला लागतंच. पण सापळा इथेच आहे. पिठातला तांबडा किडा, ट्रायबोलियम, याच्या डीएनएत सीजी मिथायलेशन सापडत नाही. तरी त्याच्या मादीत डीएनएमटी-१ दाबलं की अंडी फुटत नाहीत. म्हणजे या प्रथिनाचं मिथायलेशनखेरीज दुसरं काहीतरी काम आहे. म्हणून ‘डीएनएमटी-१ दाबलं, अंडी मेली, सबब मिथायलेशन महत्त्वाचं’ ही पायरी घेऊ नका. परीक्षक जागा असेल तर पहिला प्रश्न तोच विचारेल.

आता प्रयोगशाळेच्या बाकावरच्या गोष्टी. यात मी स्वतः तोंडावर आपटले आहे, म्हणून जरा लांबवते.

बायसल्फाइट पद्धतीत मिथायलेशन नसलेला सी बदलून टी वाचला जातो, मिथायलेटेड सी तसाच राहतो. सुरुवातीच्या काळात आम्ही अंड्यांच्या डीएनएवर हे केलं, एका जनुकाचा तुकडा उचलला, त्याचे डझनभर क्लोन (प्रती) वाचले. जागोजाग सी शिल्लक. संध्याकाळी चहा पाजून झाला. दुसऱ्या दिवशी एका वरिष्ठांनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, “सीजी सोडून बाकीचे सी मोजलेस का?” मोजले. तेही तितकेच ‘मिथायलेटेड’. बायसल्फाइट जुनं झालं होतं, रूपांतर अर्धवट राहिलं होतं. आम्ही रसायनाचा आळस मोजून त्याला जीवशास्त्र म्हणत होतो. सगळं फेकलं.

हिशेब कागदावर करून बघा. १०,००० सायटोसिन घ्या. रेशीमकिड्यात त्यातले खरे मिथायलेटेड सुमारे ११. तुमचं रूपांतर ९९ टक्के झालं, जे ऐकायला उत्तम वाटतं, तरी सुमारे १०० सी न बदलता उरतील. खऱ्यापेक्षा नऊपट खोटे. माणसाच्या डीएनएत ही चूक खपून जाते, इथे ती सगळं बुडवते. म्हणून प्रत्येक नमुन्यात मिथायलेशन नसलेला लॅम्ब्डा फाज या विषाणूचा डीएनए चिमूटभर मिसळा आणि त्यावर रूपांतराचा दर काढा. सीजीबाहेरचा सी मिथायलेटेड दिसला की आधी त्याला चोर समजा. एकाच जागी अनेक रीडमध्ये (वाचलेल्या तुकड्यांत) सातत्याने सी दिसतो का तेवढंच विश्वासाचं. शिवाय तुमच्या वाणात त्या जागी मुळातच टी असेल, तर सॉफ्टवेअर त्याला ‘मिथायलेशन नाही’ म्हणेल. डबल हायब्रीड तर चार वाणांची खिचडी. शुद्ध वाण घ्या, आणि त्याच वाणाचं बायसल्फाइट न लावलेलं सिक्वेन्सिंगही करून ठेवा.

तुलना कशाची करताय तेही बघा. ७२ तासांचं झोपलेलं अंडं आणि ७२ तासांचं आम्लप्रक्रिया केलेलं अंडं यांत नुसता डायपॉजचा फरक नाही. दुसऱ्यात भ्रूण पुढे सरकलाय, अवयवांच्या दिशेने निघालाय, पेशींचे प्रकार आणि प्रमाण बदललंय. त्यात अख्खं अंडं वाटलंत तर सेरोसाच्या बहुगुणित (जनुकसंचाच्या अनेक प्रती असलेल्या) पेशी आणि बलकातली केंद्रकं आलीच. मिळणारा फरक बहुतेक मिश्रणाचा असेल. मुंग्यांच्या मेंदूबाबत २०१६ मध्ये हाच धडा मिळाला: क्लोनल रेडर मुंगीत नीट पुनरावृत्ती ठेवून तपासल्यावर अंडी घालण्याचा काळ आणि पिल्लं सांभाळण्याचा काळ यांत मिथायलेशनचा फरक दिसलाच नाही, आणि आधीच्या बऱ्याच अभ्यासांत पुरेशी पुनरावृत्तीच नव्हती हेही उघड झालं.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. एका शुद्ध बायव्होल्टाइन वाणाचे, थंडीत ठेवून झोप संपवलेले अंडीपुंज घ्यायचे. प्रत्येक पुंजाचे दोन भाग: एक २५ अंश आणि उजेड, दुसरा १५ अंश आणि अंधार. १५ अंशांवर उबायला कितीतरी जास्त दिवस लागतात, म्हणून नमुने दिवस मोजून घ्यायचे नाहीत. पिनहेड, ब्लू एग अशा अंडं फुटायच्या आधीच्या, डोळ्यांनी ओळखू येणाऱ्या टप्प्यांवर घ्यायचे. फुटल्यानंतर दोन्ही गट एकाच खोलीत, एकाच बागेच्या पाल्यावर. काही माद्या पतंग होऊ द्यायच्या आणि त्यांची अंडी बघायची: काळी पडतात की पिवळसर राहतात. आधी एवढाच पायलट करा. याला किट लागत नाही, सिक्वेन्सर लागत नाही, आणि तुमचा वाण तापमानाला स्पष्ट उत्तर देतो की नाही हे एका पिकात कळतं. निम्मी काळी, निम्मी पिवळी आली तर पुढचं सिक्वेन्सिंग म्हणजे पैसे पाण्यात.

उत्तर स्वच्छ आलं तर प्युपाच्या सुरुवातीच्या दिवसांत मादीचा मेंदू आणि अन्ननलिकेखालचा चेतागुच्छ थंड सलाइनमध्ये काढा. एका मेंदूत डीएनए फार थोडा, तेव्हा बरेच एकत्र करावे लागतील. पण असे गठ्ठे दर गटाचे किमान चार-पाच, वेगवेगळ्या पुंजांतून. त्याच गठ्ठ्यातून आरएनएसुद्धा. मिथायलेशन बदललेली जनुकं आणि व्यक्त होण्यात बदललेली जनुकं यांच्या याद्या शेजारी ठेवा. त्या फारशा जुळणार नाहीत, आणि त्याने दचकू नका. कीटकांत बहुतेकांचा अनुभव तोच आहे. आरएनए बदलला आणि मिथायलेशन जागच्या जागी राहिलं, हा निकालसुद्धा प्रबंधात बसतो, फक्त रूपांतराचा दर पहिल्या तक्त्यात छापा.

मार्गदर्शकांना अंड्यांचाच भाग हवा असेल तर २० तास, ३६ तास आणि पूर्ण झोपलेलं अंडं अशा तीन वेळा घ्या, भ्रूण सेरोसापासून वेगळा करा, आणि कार्डावर अंडी घातल्याची तारीख लिहून थांबू नका. पतंग कितीला सोडले, कितीला उचलले, तो तास लिहा. ग्रेनेजमधली मंडळी तो पेन्सिलीने कोपऱ्यात लिहितातच. आम्लात बुडवल्यावर शाई जाते, पेन्सिल राहते.